कानात सांगितलेलं पाप

माझी पहिली मुलगी साडेतीन महिन्यांची होऊन गेली. तिला आकडी आली, असं मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काय झालं ते दोन वर्षं मी कुणाजवळही बोलले नाही, आणि बोलले तेव्हा नको त्या माणसाजवळ बोलले.

रोवणीचे दिवस होते. सकाळपासून चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावले आणि दुपारी घरी आले. लेकराला पाजायला घेतलं, चटईवर आडवी झाले. डोळा कधी लागला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं, आणि मुलगी माझ्या दंडाखाली होती. गप्प होती. मी तिला उचललं, हलवलं, तिच्या तोंडावर फुंकर घातली. मग किंचाळले. सगळे धावत आले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, "काय झाला, काय झाला?" म्हणून विचारू लागल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आकडी आली." एकदा निघालेला शब्द मग मला मागे घेता आला नाही.

तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. आम्ही भंडाऱ्यात मोडायचो आणि राज्य होतं मध्य प्रदेश. माझं सासर अर्जुनीच्या बाजूला, माहेर सालेकशाकडे, कचारगडच्या डोंगराच्या अलीकडे. सासरच्या मागच्या पिढ्यांनी गावाचा तलाव बांधला होता, म्हणून माझ्या सासऱ्यांना गावात मान होता. मी त्यांना मामाजी म्हणायचे. तलावाचं पाणी कधी सोडायचं, कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आधी जायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. घरात मी, माझे मालक, मामाजी, आत्याबाई आणि माझी नणंद. तिला मी बाई म्हणायचे. बावीस वर्षांची होती. लग्नाला वर्ष होत नाही तोच नवरा गेला आणि ती परत आली होती. माझ्याहून वर्षाने मोठी, पण मला जवळची तीच.

पंचावन्न साल असेल. भादव्यात धान निसवायला आलं आणि पाऊस थांबला. तलावही अर्धाच भरलेला. माणसं दिवसभर आभाळाकडे पाहायची. अशात एक महाराज आले. बरोबर दोन चेले होते. तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मारुतीच्या देवळात उतरले. उंच, गोरे, आवाज असा की ऐकत राहावं. बोलणं सगळं हिंदीत. कुणाकडे काही मागितलं नाही. दिलेला शिधा निम्मा परत पाठवला. चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि दोन दिवस पडला. त्यानंतर आमच्या गावाला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

मामाजी तर रोज सकाळी देवळात जाऊन बसायला लागले. ज्यांच्यापुढे गाव वाकायचं ते त्या महाराजांचे पाय धुवायचे. आम्हालाही अभिमानच वाटायचा.

मग गुरुमंत्राचं निघालं. मंत्र घ्यायचा तर आधी मन धुऊन यायचं, असं महाराज म्हणाले. देवळाच्या मागच्या खोलीत धोतराचा पडदा बांधला. एकेकाने आत जायचं, महाराजांच्या कानाजवळ तोंड न्यायचं आणि जन्मात केलेलं सगळ्यात मोठं पाप सांगायचं. अशी रीत आमच्याकडे कधी नव्हती, पण पाऊस पाडणाऱ्याला कोण विचारणार? मला आत बोलावलं तेव्हा मला चौथा महिना होता. पडद्याआड अंधार होता, उदबत्तीचा धूर होता. महाराज म्हणाले, "बोल बेटी, गुरु से क्या छुपाना." मी तरी घुटमळले. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन वर्षांत माझ्या डोक्यावर तसा हात कुणी ठेवला नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. चटई, दंड, आकडी, सगळं. सांगून बाहेर आले तेव्हा अंग हलकं झालं होतं. तलावावर जाऊन तोंड धुतलं आणि खूप रडले. त्या दिवशी मला वाटलं, देव भेटला.

हे हलकेपण पंधरा दिवस टिकलं.

गावात एक शेतकरी होता, चांगला कष्टाळू. त्याने देवळात येणं सोडलं. दुसऱ्या मंगळवारी दुपारच्या सत्संगात महाराज डोळे मिटून, हसतमुखाने बोलले, "कोई है इस गाँव में, जिसने रात में अपने सगे भाई का धुरा सरकाया था. भगवान सब देखता है." धुरा म्हणजे बांधीची हद्द. नाव घेतलं नाही, पण देवळात कोण येत नाही ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्या माना त्या शेतकऱ्याच्या भावाकडे वळल्या. संध्याकाळपर्यंत दोघा भावांची डोकी फुटली. आठ दिवसांत त्या शेतकऱ्याने बायको-पोरं गाडीत घातली आणि कोहमाऱ्याकडे सासऱ्याच्या गावी निघून गेला.

त्या सत्संगात मी आत्याबाईंच्या शेजारी बसले होते.  मला कळलं की मी जे सांगितलं ते देवाजवळ गेलेलं नाही. ते त्या माणसाजवळ आहे. आजूबाजूला पाहिलं तर सगळेच खाली बघत होते. त्यानंतर गावात एक विचित्र शांतता आली. पाणवठ्यावर बायका बोलेनाशा झाल्या. प्रत्येकीने पडद्याआड काहीतरी ठेवलेलं होतं. सत्संगाला मात्र सगळे वेळेवर जायचे. पूर्वी भक्तीने जायचे, आता कोण आलं नाही हे महाराजांच्या लक्षात येईल म्हणून जायचे.

मी झोपले की दचकून उठायचे. पोटातलं लेकरू हललं नाही की घाबरायचे, हललं की जास्त घाबरायचे.

दसरा झाला आणि महाराजांनी मला एकटीला बोलावलं. दिवसाढवळ्या, देवळाच्या ओट्यावरच. चेले लांब बसलेले. आवाज तसाच गोड. म्हणाले, "तेरी ननद का मन संसार में नहीं है. उसको हमारे आश्रम में सेवा के लिए आना है. नर्मदा किनारे. कार्तिक पूर्णिमा को हम ले जाएँगे."

मी म्हटलं, "मामाजीले विचारा."

"ससुर तो मान जाएगा. पर वो खुद हाँ बोले, ये तुझे करना है. तेरी बात मानती है वो." मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "एक को तो तूने अपने हाथ से भेज दिया. दूसरा भी उसी रास्ते न जाए, इतना सोच ले. और मैं चुप हूँ, ये भी सोच ले."

घरी कशी आले ते आठवत नाही. चूल पेटवली, भात टाकला. भात करपला.

पुढचं सांगताना आजही मला लाज वाटते. मी बाईला समजवायला लागले. धान कापताना, भाजी निवडताना, तिच्या केसांना तेल लावताना मी आश्रमाचं वर्णन करायचे. न पाहिलेल्या नर्मदेचा घाट मी तिला सांगितला. तिथे तुला कोणी बोलणार नाही, तिथे मान मिळेल, इथे जन्मभर भावाच्या घरी काय करशील, असंही म्हणाले. हे शेवटचं बोलले तेव्हा तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"वहिनी, तुले माया भार होऊन राहिला का?"

"नाही वं बाई. तुया भल्यासाठीच सांगतो."

तिने भाजी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "माले त्या महाराजाच्या डोऱ्याचा भेव वाटते, असा पाहते तो. पण तू म्हनतेस त जातो."

ती हो म्हणाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. भीती माणसाला कुठवर नेते हे मला इतरांकडे पाहून कळलेलं नाही.

दिवाळीला भाऊ न्यायला आला. छोट्या आगगाडीने गोंदियाला, तिथून मोठ्या गाडीने सालेकशाला आणि पुढे बैलगाडीने माहेरी. वाटभर मी दिवस मोजत होते. पौर्णिमेला किती उरले, एवढंच डोक्यात.

माहेरच्या गावात एक म्हातारे होते. तलावाचं पाणी पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या बांधीत सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. संध्याकाळी खंजिरी घेऊन भजन म्हणायचे. लहानपणी आम्ही पोरी त्यांच्या ओट्यावर बसून भजनं शिकलो. लांबलांबची माणसं त्यांच्याकडे यायची, दुःख घेऊन. कुणी पाया पडायला लागलं की ते पाय आखडून घ्यायचे आणि चिडायचे. त्यांनी कधी चमत्कार केल्याचं मला आठवत नाही. त्यांना आम्ही आजा म्हणायचो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना शोधत बांधीकडे गेले. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला शेवटचं पाणी चाललं होतं. आजा गुडघाभर चिखलात उभे राहून फावड्याने पाट मोकळा करत होते.

"कवा आलीस माय?"

"चार दिस झाले आजा." "आजा, माले मंत्र द्या."

ते हसले. "मंतर? माले पान्याची पारी आठवत नाही आता, मंतर कोठून देऊ?"

"मंग माया पाप तरी ऐका. माया हातून..."

त्यांनी फावडं टाकलं आणि चिखलाचे दोन्ही हात कानांवर ठेवले. खरंच ठेवले. गालांवर चिखल ओघळला.

"माले नोको सांगू!"

मला वाटलं, यांनाही मी नकोशी झाले. मी तिथेच धुऱ्यावर बसले. ते चिखलातून वर आले, माझ्यापासून हातभर लांब बसले.

"रागानं नाही म्हनत, पोरी. माया कानात पडला का ते मायाजवळ राहीन. आज तू माले भेत नाहीस, उद्या भेशीन. मी मानूसच आहो. उद्या माया मनात काय येईन, माले तरी माहीत आहे का?" मग विचारलं, "कोनाले सांगून बसलीस का?"

मी मान हलवली.

"आन तो आता भेव दाखवून राहिला."

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी कोण, काय, काही विचारलं नाही.

"ज्याची ते गोष्ट आहे त्याले सांग. तो रडन, मारन, घरात नाही घेनार, काय करन ते माले सांगता येत नाही. पन ते गोष्ट त्याची आहे. माया कानाची नाही, आन त्याच्या बी कानाची नाही."

"तो म्हनते, पोटातला बी जाईन."

"त्याचा माले कायी माहीत नाही," आजा म्हणाले. "जगन का नाही जगन, कोनाले माहीत राहते? तुमच्या गोंदियाले डाक्तरीन आहे म्हनतेत. तिले दाखवजो."

मला त्यांनी धीर द्यावा, 'काही होणार नाही' म्हणावं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी तसं म्हटलं नाही. पाण्याची पाळी दुसऱ्या बांधीची झाली होती. ते उठले, फावडं खांद्यावर टाकलं आणि गेले. मी तेव्हा त्यांच्यावर रागावले होते. एवढ्या लांबून आले आणि त्यांनी मला रिकाम्या हाती परत पाठवलं, असं वाटलं. पण रात्री एक गोष्ट लक्षात आली. महाराजांसमोरून उठताना मला दरवेळी वाटायचं की पुन्हा यावंच लागणार. आजांनी मला माझ्या घरी पाठवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी भावाला म्हटलं, मला सासरी पोचव. वाटेत गोंदियाला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकलं, ठोके चांगले आहेत म्हणाल्या.

मालकांना मी बांधीत गाठलं. हलकं, लवकर पिकणारं धान कापायचं चाललं होतं. मजूर जेवायला बसले होते, ते एकटेच विळा घासत होते. मी उभ्यानेच सांगितलं. महाराजांना सांगितलं होतं तसंच, चटई, दंड, आकडी. आणि मग महाराजांनी काय मागितलं, मी बाईला काय काय खोटं सांगितलं, तेही.

 ते विळा घेऊन वाकले आणि कापायला लागले. अख्खी ओळ कापत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेले. मी उन्हात उभी. पोटात लेकरू फिरत होतं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता.

"किती दिवसापासून एकटीच घेऊन फिरून राहिली हे?"

 त्यानंतर पाच-सहा दिवस ते माझ्या हातचं जेवण भिंतीकडे तोंड करून जेवले. मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मी कधी विचारलंही नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी बाईला जवळ बसवून सांगितलं, "तू कोठी जात नाहीस." बाई माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "ऊठ वं, पोटावर दाब पडते."

मामाजींना सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणाचीच झाली नाही.

कार्तिक पौर्णिमेच्या सकाळी देवळासमोर सगळं गाव जमलं. मामाजी महाराजांच्या पायाजवळ बसलेले. चेल्यांनी बैलगाडी जुंपून ठेवली होती. महाराजांनी बाईला पुढे बोलावलं. बाई उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "मी नाही येत."

मामाजींनी वळून पाहिलं. महाराज मात्र बाईकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, आणि हसत होते. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, "इस घर में एक माँ है..."

 मी धाडसाने उठले असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. ते वाक्य त्यांच्या तोंडून पुरं झालेलं मला ऐकवलं नसतं, म्हणून उठले.

"ते मी आहो," मी म्हटलं. "माया पोरगीले आकडी नव्हती आली. माले झोप लागली. ते माया अंगाखाली आली."

 मग आत्याबाई उठल्या आणि माझ्याकडे आल्या. आता या मला मारणार, असं वाटून मी पोटावर हात धरले. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

"ते आमच्या घरचा मरन आहे," त्या महाराजांना म्हणाल्या. "त्यावर तुमी कोन बोलनारे?"

महाराजांचं हसू गेलं नाही. "देख लेना," ते मला म्हणाले. "पौष में देख लेना." आणि चेल्याला पेटी वाजवायची खूण केली. भजन सुरू झालं. आम्ही तिघी आणि मालक उठून निघालो. आमच्यामागून दोन म्हाताऱ्या उठल्या, मग एक जोडपं उठलं. बाकीचे बसून राहिले. मामाजीही बसून राहिले.

त्या दिवशी गावाचे डोळे उघडले, असं झालं नाही. कित्येक बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. काहींनी आपली लेकरं माझ्यासमोरून उचलून नेली. महाराज पुढे महिनाभर तिथेच होते. मामाजी रोज जायचे, घरी आमच्याशी बोलायचे नाहीत. फक्त सत्संगातली माणसं हळूहळू कमी होत गेली, आणि एका सकाळी देऊळ रिकामं दिसलं. गाडीही नव्हती. पुढे दीडेक वर्षाने वैनगंगेपलीकडून आलेल्या एका पाहुणीने सांगितलं की त्यांच्या बाजूच्या गावातली एक विधवा कुण्या महाराजाबरोबर सेवेला गेली, ती परत आली नाही. तोच महाराज होता की दुसरा, मला माहीत नाही. बाईने ते ऐकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पौष महिना मी कसा काढला ते शब्दांत सांगता येत नाही. रोज सकाळी उठून आधी पोट चाचपायचे. मला महाराजांचं खोटेपण पुरतं कळलं होतं आणि तरीही त्यांच्या शब्दाची भीती जात नव्हती. माघात मुलगी झाली. रडली तेव्हा सुईणीआधी आत्याबाई रडल्या. तिला पाजताना मी कधी आडवी झाले नाही. भिंतीला टेकून, डोळे ताणून पाजायचे आणि लगेच बाईच्या हातात द्यायचे. वर्षभर ती बाईजवळच झोपली. बाई पुढे गोंदियाला सुईणीचं शिक्षण घ्यायला गेली आणि नोकरीला लागली. आश्रमाचं मी तिला जे सांगितलं होतं त्याबद्दल ती मला एकदाच बोलली. नवीन पांढरं लुगडं नेसून गाडीची वाट बघत असताना म्हणाली, "वहिनी, तू लय गोड खोटा बोलतेस." आणि हसली. मला हसता आलं नाही.

मामाजी साठ साली गेले. शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं मीच करत होते. त्यांनी पडद्याआड काय सांगितलं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. एकदा दुपारी मी पेज भरवत होते. बाहेर कुणीतरी भिक्षेकरी हिंदीत काहीतरी म्हणत दारावरून गेला. मामाजींनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"पोरी, तो त नाही ना आला?"

"नाही मामाजी. दुसरा कोनी आहे. गेला."

त्यांनी मनगट सोडलं नाही. पेज निवून जाईपर्यंत ते दाराकडे बघत राहिले.